हंगामाचा रविवार

कोल्हापूर जिल्ह्यात भाताच्या कापण्या उरकतात, भुईमुगाच्या शेंगा वाळून पोत्यांत भरल्या जातात आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून धूर निघू लागतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे चीज होण्याचे हे दिवस. सुगी अशी घरात आली, की येथील ख्रिस्ती मंडळ्यांत एका रविवाराची तयारी सुरू होते. या दिवसाला कोणी हंगामाचा सण म्हणतात, तर कोणी उपकारस्तुतीचा रविवार म्हणतात. सर्व मंडळ्यांचा हा रविवार एकच असतो असे नाही. ज्या गावचे पीक जेव्हा हाती येईल आणि ज्या मंडळीला जो दिवस सोयीचा पडेल, तो तिने धरावा, अशी रीत आहे.

खरी गंमत पाहावयाची असेल, तर शनिवारीच देवळात जावे. कोल्हापूरकडील ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला पुष्कळदा ‘देऊळ’ असेच म्हणतात. तेथे सकाळपासून माणसांची वर्दळ असते. तरुण मुले शिडी लावून खांबांना ऊस बांधतात. मुली भाताच्या लोंब्यांची आणि झेंडूची तोरणे करतात. ओट्यावर बसलेल्या बायका उद्याच्या प्रीतिभोजनासाठी तांदूळ निवडतात, आणि हात चालू असता त्यांची तोंडेही स्वस्थ नसतात. कोणी मोठी पातेली मागून आणतो, कोणी तबल्याची शाई तपासतो, कोणी पेटीचा दबलेला सूर ठीक करीत बसतो. यांतील एकालाही या कामाबद्दल दाम मिळत नाही. कोणी दिवसभर कचेरीत खर्डेघाशी केलेला असतो, कोणी रुग्णालयात रात्रपाळी करून आलेली परिचारिका असते. कोणाचे काम कोणते, हे कोठे लिहून ठेवलेले नसते; तरी ते ज्याचे त्याला ठाऊक असते.

रविवारी उपासनेच्या वेळी लोक आपापले अर्पण घेऊन पुढे येतात. नव्या तांदळाच्या टोपल्या, गुळाच्या ढेपा, शेंगांची गाठोडी, भोपळे, वांगी, केळीचे घड, पाय बांधलेली एखादी कोंबडी, असे नाना जिन्नस वेदीपुढे मांडले जातात. ज्याचे शेत नाही तो पगारातील काही भाग पाकिटात घालून आणतो. शिवणकाम करणारी स्त्री आपल्या हातची पिशवी आणते. एखादा विद्यार्थी स्वतः काढलेले चित्र आणतो. या रांगेत कधी कधी एखादी वृद्ध बाई असते. पदराखाली धरलेले एकच अंडे ती हळूच टोपलीत ठेवते आणि कोणी पाहिले तर नाही ना, अशा संकोचाने मागे वळते.

उपासना संपली की अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. एरवी लिलाव म्हटला, की स्वस्तात वस्तू कशी पदरात पडेल, याकडे प्रत्येकाचे लक्ष असते. येथे सारेच उलटे. गुळाची ढेप बाजारभावाच्या दुपटीने जाते आणि घेणाऱ्याला त्याचे दुःख होत नाही. मग ते अंडे पुढे येते. कोणी दहा रुपये म्हणतो, कोणी पन्नास म्हणतो. “एक वार, दोन वार, तीन वार” असा पुकारा होऊन अंडे शंभराला सुटते. घेणारा पैसे मोजतो, आणि अंडे घरी न नेता पुन्हा टोपलीत ठेवतो. पुन्हा पुकारा, पुन्हा बोली. असे ते एकच अंडे तीनदा, चारदा विकले जाते. मुले हसून हसून बेजार होतात. लिलाव पुकारणारा मात्र त्याला हातांत इतके जपून धरतो, की जणू ते रत्नच आहे.

हिशेबी माणसाला हा व्यवहार वेडगळ वाटेल. परंतु येथे किंमत अंड्याला आलेली नसते. घरात जे होते ते त्या बाईने आणले, आणि मंडळीने ते वरच्यावर झेलले, एवढाच त्या बोलीचा अर्थ. बायबलात एका विधवेची कथा आहे. यरुशलेमच्या मंदिरात श्रीमंत लोक दानपेटीत भरपूर द्रव्य टाकीत होते. त्या विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली. आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले, की सर्वांत अधिक तिने दिले, कारण इतरांनी आपल्या समृद्धीतून दिले आणि तिने आपली सारी उपजीविका दिली. ही कथा कोल्हापूरच्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही. मळणीच्या वेळी खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, ही या मातीचीही चाल होती. पीक काढल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गरिबांनी वेचून न्यावीत, याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. आणि बायबलातील रूथ नावाची परदेशी विधवा बेथलेहेमच्या शेतात हाच सरवा वेचीत होती.

लिलावाचे पैसे मंडळीच्या खर्चाला जातात. पाळकाचे वेतन, देवळाची डागडुजी, विजेचे देयक, एखाद्या गरीब मुलाची फी, असे हे खर्च असतात. आज हे सर्व मंडळी आपल्या बळावर करते, यात मुलांना विशेष काही वाटणार नाही. पण या गोष्टीला मोठा इतिहास आहे.

१८५२ च्या अखेरीस रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापुरास आले. त्या काळी येथे येणे म्हणजे बैलगाडीने मजल दरमजल करीत घाट चढून येणे होते. त्यांनी शाळा काढल्या, भाषा शिकून घेतली, आणि १८७५ पर्यंत ते या कामात राहिले. त्यांची स्मृती शहरातील वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात आजही आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत महाविद्यालयात शिकत असता त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी विद्यार्थी स्वयंसेवकांची एक चळवळ उभारली. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन या ठिकाणी सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले होते. त्यांपैकी शंभर जणांनी, आम्ही दूरदेशी सेवेस जाण्यास तयार आहोत, असे सांगितले. पुढे ही चळवळ पुष्कळ देशांत पसरली. जगाच्या दुसऱ्या टोकाला उठलेल्या या हाकेची नाळ पंचगंगेच्या काठाशी जुळलेली होती, हे आज कोल्हापुरात फार थोड्यांना ठाऊक आहे.

शाळांमागून दवाखाने आले. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव एवढ्याच भागांतून नव्हे, तर फार लांबून रोगी तेथे येत. वानलेस यांनी नुसते रोगी बरे केले नाहीत. येथल्याच तरुणांना शिकवून वैद्यकीय कामात तयार केले. मिरजेजवळची वानलेसवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या कामांसाठी लागलेला पैसा बव्हंशी परदेशातून येई. तो पाठविणारे सगळेच धनिक नव्हते. त्यांत कित्येक साध्या बायका होत्या, शेतकरी होते, रविवारच्या शाळेत पै-पैसा जमविणारी मुलेही होती. त्यांनी कोल्हापूर कधी पाहिले नाही, आणि कोल्हापूरनेही त्यांना कधी पाहिले नाही.

उपकार केवळ समुद्रापलीकडूनच आले, असे मात्र समजू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. त्यांत मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा अनेकांची मुले राहून शिकली. आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक वसतिगृह निघाले. आपल्या राज्यातील कोणतेही मूल छपराअभावी शिक्षणाला मुकू नये, ही महाराजांची तळमळ होती. लहानशा ख्रिस्ती समाजाला त्यांच्या राज्यात जो आसरा मिळाला, त्याची आठवण ठेवणे उचितच आहे.

पण उपकार घेण्यात एक धोका असतो, आणि त्याचे वर्णन करण्यास मराठीइतका नेमका शब्द क्वचितच सापडेल. तो शब्द म्हणजे ‘मिंधा’. ज्याने सतत घेतले आणि कधी दिले नाही, त्याची मान खाली जाते. तो देणाऱ्याचे तोंड पाहून बोलू लागतो. पुढे पुढे तर देणाऱ्याबद्दल त्याला प्रेम न वाटता मनातून रागच येऊ लागतो. कृतज्ञता आणि मिंधेपणा या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात, पण त्यांचे कूळ एक नव्हे. कृतज्ञ माणूस मान वर करून आभार मानतो.

हा धोका ज्यांनी फार पूर्वी ओळखला, त्यांत कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रमुख होत. ख्रिस्ती मंडळ्यांत मराठी वळणाची भजने आणि कीर्तने रुजविण्याचे मोठे काम त्यांनी केले. भारतातील मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, आपल्या रीतीने भक्ती करावी, असे ते आग्रहाने सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुसंस्था सुरू केली. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते, संसार होता, शिल्लक म्हणावी अशी काही नव्हती. मिशनरी मित्रांशी त्यांनी वैर धरले नाही; उलट स्नेह शेवटपर्यंत राखला. उपकार स्मरून स्वतंत्र होता येते, हे त्यांनी करून दाखविले.

मात्र टिळकांसारखी माणसे थोडी असतात. खेड्यातल्या गरीब मंडळीने काय करावे? तिच्याजवळ पगार नव्हता, मग सोडणार काय? तिने मूठ धरली. ही रीत महाराष्ट्रातील काही मंडळ्यांत आढळते. घरची बाई स्वयंपाकासाठी तांदूळ किंवा जोंधळे काढते, तेव्हा त्यांतून एक मूठ परत घेऊन निराळ्या गाडग्यात टाकते. घरातल्या कोणाचेही पोट त्यामुळे उपाशी राहत नाही. आठवडाभरात गाडगे भरत येते, आणि रविवारी ते देवळात रिकामे होते. भारताच्या दुसऱ्या टोकाला, मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी हीच रीत १९१० मध्ये सुरू केली, आणि तेथील मंडळ्यांची कितीतरी कामे त्या मुठीवर चालत आली आहेत.

मुठीची ही कल्पना कोण्या एका धर्माची मिरास नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये याच जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातिधर्मांची गरीब मुले वसतिगृहात एकत्र ठेवली, पण त्यांना रोज जेवू काय घालावे, हा प्रश्न होता. त्यासाठी घरोघरच्या मुठीमुठीने धान्य जमविणारा ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. आणि एका प्रसंगी जेव्हा कोठार रिकामे झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी काढून दिले. ज्या बायांनी त्या फंडात धान्य टाकले, त्यांतील कित्येकींना स्वतःला अक्षर येत नव्हते. आपल्या मुठीने कोणाचा मुलगा शिकला, हे त्यांना कधीच कळले नसेल.

देणे सुरू झाले म्हणजे सर्व काही सुरळीत होते, असेही नाही. वाटणीचा प्रश्न देण्याहून अवघड. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या दिवसांत यरुशलेम येथे विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ती दाबून टाकली नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावले आणि या कामासाठी चांगल्या लौकिकाचे सात पुरुष निवडावयास लावले. पंक्तीत वाढण्याचे काम इतके मोलाचे मानले गेले, की त्यासाठी माणसे पारखून नेमण्यात आली.

पुढे करिंथ येथील मंडळीत दुसरेच भांडण लागले. कोणाला उपदेश करता येई, कोणाला रोगी बरे करण्याचे सामर्थ्य होते, आणि माझे दान श्रेष्ठ की तुझे, असा वाद पेटला. तेव्हा पौलाने त्यांना पत्र लिहून शरीराची उपमा दिली. डोळा कितीही तेजस्वी असला तरी हाताविना त्याचे चालत नाही, आणि जे अवयव दुबळे दिसतात, त्यांची गरज अधिकच असते, असा त्याचा आशय होता. देवाने ज्याला जे दिले ते सर्वांसाठी दिले, म्हणून अशा गुणांना मराठी ख्रिस्ती लोक ‘कृपादाने’ म्हणतात. गोड गळा हे कृपादान, तसे हिशेब चोख ठेवणे हेही कृपादानच. आजाऱ्याच्या उशाशी मुकाट्याने बसून राहण्याचे दान तर फारच थोड्यांना मिळालेले असते.

यातून आभारांची अडचण निर्माण होते. ज्याने व्यासपीठावर उभे राहून गायिले, त्याला सारे ओळखतात. चपला नीट लावणाऱ्या मुलाचे नाव कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून काही मंडळ्यांत वर्षाकाठी स्वयंसेवकांची नावे वाचून दाखवितात आणि त्यांना फूल देतात. ही चाल चांगली आहे. पण ती सांभाळून पाळावी लागते. एक नाव राहून गेले, तर शंभर नावे वाचल्याचे समाधान मावळते. देणग्यांचे आकडे मोठ्याने वाचले, तर ज्याने थोडे दिले तो पुढच्या वर्षी मागच्या बाकावर जाऊन बसतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित येतच नाही. शाल आणि नारळ देणे सोपे आहे. कोण थकले आहे हे ओळखून त्याच्या हातातील झाडू आपण घेणे त्याहून कठीण, आणि आभाराची ती रीत अधिक जुनी आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. गावेच्या गावे वेढली गेली आणि हजारो माणसे मिळेल त्या कोरड्या छपराखाली आली. त्या दिवसांत घरोघर भाकऱ्या भाजल्या जात होत्या. कागदात गुंडाळलेली ती भाकरी ज्याच्या हाती पडे, त्याला ती कोणत्या घरची, कोणत्या धर्माची, हे कळण्यास मार्ग नव्हता. खाणाऱ्यांनी आभार कोणाचे मानावयाचे? पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी आपापली घरे धुतली, आणि मग शेजाऱ्याच्या घरातील चिखल काढावयास गेले.

हंगामाच्या रविवारी लिलाव आटोपला, की पंगती बसतात. वाढणारे तरुण भाताची पातेली घेऊन धावत असतात. वृद्धांना आणि मुलांना आधी, पाहुण्यांना त्यांच्यासोबत, आणि वाढप्यांना सर्वांच्या शेवटी, असा क्रम असतो. शेवटच्या पंगतीला कधी कधी आमटी पातळ होते; त्यावरून थट्टा होते, पण तक्रार होत नाही. दुपार कलते. तोरणे उतरविली जातात, खांबांचे ऊस मुले मोडून खातात, आणि देवळाची फरशी पुन्हा झाडली जाते.

एका कोपऱ्यात खजिनदार वही उघडून बसलेला असतो. कोणी काय आणले आणि त्याचे किती आले, हे तो ओळीने लिहीत जातो. गूळ, एक ढेप. शेंगा, दोन पायली. भोपळे, तीन. मग ते अंडे येते. त्याच्यापुढे लिहिण्याचा आकडा एवढा मोठा असतो, की रकाना अपुरा पडतो. देणाऱ्याचे नाव त्याने विचारलेले असते, पण तिने हातानेच नको म्हटलेले असते. तेव्हा अशा वेळी लिहिण्याचा जो प्रघात आहे त्याप्रमाणे तो लिहितो, ‘एक भगिनी’. आणि बाहेर नळापाशी, पदर खोचून, ती बाई इतर बायकांबरोबर भाताची पातेली घाशीत असते.